रिमवरचं लोखंड

गाडी धुऊन चार दिवस होत नाहीत तोच पुढची दोन चाकं काळपट दिसायला लागतात. मागची दोन मात्र बऱ्यापैकी तशीच असतात. रस्ता चौघांना एकच, चिखल एकच, धूळ एकच. मग हा दुजाभाव कशापायी? कारण पुढच्या चाकांवरचा काळा थर रस्त्याचा नसतोच. तो गाडीच्या पोटातून येतो.

ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो. बसमध्ये उभ्याने प्रवास केलेल्या कुणालाही हे सांगायला नको. भार पुढे आल्यामुळे पुढचे टायर रस्त्याला घट्ट धरतात आणि थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढच्या ब्रेकवर पडतं. त्यात आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. ड्रम म्हणजे बंद डबा. त्यातले लाइनर झिजले तरी भुकटी आतच साठते. डिस्क उघडी असते. तिची भुकटी फिरत्या चाकाच्या वाऱ्याने बाहेर फेकली जाते आणि पहिल्यांदा आदळते ती रिमच्या आतल्या बाजूवर.

ही भुकटी पॅडची, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे. पॅड घासतं तशी डिस्कही घासते, आणि डिस्क असते ओतीव लोखंडाची. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. नवी डिस्क बावीस मिलिमीटरची असेल, तर साधारण वीसवर आली की ती बदलायची. मधले दोन मिलिमीटर गेले कुठे? चोवीस सेंटिमीटर व्यासाची डिस्क धरा आणि पॅड जिथे घासतं तो पट्टा चार सेंटिमीटर रुंद धरा. हिशेब केला तर एका डिस्कमागे साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास लोखंड उडून गेलेलं असतं. यातलं काही रस्त्यावर पडतं, काही हवेत जातं, आणि काही रिमवर बसतं. पॅडमध्येही लोखंडाची पूड आणि पोलादाचे तंतू असतात. त्याशिवाय ग्रॅफाइट, बराइट, घासणारी कठीण खनिजं आणि हे सगळं बांधून ठेवणारं रेझिन. काळा रंग मुख्यतः ग्रॅफाइटचा, कार्बनचा आणि लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचा.

थोडक्यात, रिमवर जे बसतं त्याला धूळ म्हणणं सोयीचं असलं तरी त्यात लोखंड भरपूर असतं, आणि लोखंड गंजतं. या प्रकरणातलं पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

किती लोखंड उडणार हे बऱ्याच अंशी ड्रायव्हरच्या पायावर ठरतं. बाराशे किलोची गाडी ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यात सुमारे ३ लाख जूल ऊर्जा असते. गाडी पूर्ण थांबवली की ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते. एवढ्या उष्णतेत पाऊण लिटरहून जास्त पाणी उकळीला येईल. आता हीच गाडी खंडाळ्याहून खोपोलीला उतरवा. उतार सुमारे पाचशे मीटरचा. उंचीवरून खाली येताना जी ऊर्जा सुटते ती ५९ लाख जूलच्या घरात जाते, म्हणजे ऐंशीच्या वेगातून वीस वेळा गाडी उभी केल्याइतकी. ही ऊर्जा कुठे तरी जिरायलाच हवी. गाडी दुसऱ्या गिअरवर असेल तर मोठा वाटा इंजिन जिरवतं. चौथ्या गिअरवर टाकून किंवा न्यूट्रल करून ब्रेकवर पाय ठेवून उतरलात, तर सगळा भार डिस्कवर येतो, ती तीनशे अंशांच्या पुढे तापते, पॅडमधलं रेझिन जळायला लागतं, आणि खाली पोचल्यावर पुढच्या चाकांपाशी तो ओळखीचा करपट वास येतो. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर घाट उतरणारे लोक मी पाहिले आहेत. आजच्या इंजिनांत गिअरवर उतरताना पेट्रोलचा पुरवठा तसाही बंद होतो, त्यामुळे वाचत काहीच नाही. ब्रेक फेल होण्याचा धोका तर आहेच. पण रिमच्या बाजूने पाहिलं तरी चाकं स्वच्छ ठेवायची सुरुवात बादलीपासून होत नाही, ती गिअरपासून होते.

घासून थांबवायचं म्हटलं की काही तरी झिजणार, हे मोटारीच्या जन्मापासून चालत आलं आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेन्झ नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांना सोबत बसवून, जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास, शंभरएक किलोमीटरचा. उतारांवर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिने वाटेतल्या एका मोच्याकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला लाइनर लावण्याची ती सुरुवात मानली जाते. त्यानंतर काही वर्षांनी, १८९७ मध्ये, इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने ब्रेकसाठी खास घर्षणाचा माल बनवायला घेतला. डोंगराळ भागातले गाडीवान उतारावर चाकाला जुने बूट अडकवून गाडी आवरतात, हे पाहून त्याला ही गोष्ट सुचली असं सांगतात. त्याच्या कारखान्यातून फेरोडो हे नाव पुढे आलं, आणि आजही ब्रेक पॅडच्या खोक्यांवर ते दिसतं.

पुढची अनेक दशकं ब्रेकच्या मालात अ‍ॅस्बेस्टॉस होतं. उष्णता सोसायला त्यासारखं दुसरं काही नव्हतं, आणि फुप्फुसाला त्यासारखं घातक काही नव्हतं. ब्रिटनने १९९९ मध्ये त्यावर पूर्ण बंदी घातली. नामांकित कंपन्यांच्या आजच्या पॅडमध्ये ते नसतं, पण जुन्या गाडीच्या ड्रममध्ये किंवा कुठल्या तरी स्वस्त, बिननावाच्या लाइनरमध्ये काय आहे हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून ड्रम उघडून त्यावर हवेचा पाइप मारणाऱ्या मेकॅनिकला थांबवावं आणि ओल्या फडक्याने पुसायला सांगावं. तो हसेल. हसू द्यावं.

आता रिमकडे येऊ. पोलादी चाकाला रंग असतो आणि त्यावर प्लास्टिकची व्हील कॅप. काळवंडली तर कॅप काढून घासायची, फुटली तर नवी आणायची. पोलादी चाकाची काळजी फार करू नये, रंग उडालेल्या जागी गंज धरला तर घासून रंग मारला की झालं. खरा प्रश्न अ‍ॅलॉय व्हीलचा. ते अ‍ॅल्युमिनिअमचं असतं. त्यात सात टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशिअम मिसळलेलं असतं. त्यावर प्रायमर, रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकरचा थर. हा थर केसाच्या जाडीहूनही पातळ असतो. आपण बाहेरून पाहतो, धुतो, घासतो तो हाच. अ‍ॅल्युमिनिअमला आपला हात कधी लागतच नाही, आणि लागू नये यातच सगळं आलं.

ब्रेकमधून सुटलेला लोखंडाचा कण तापलेला असतो. तो लॅकरवर आदळतो आणि चिकटतो. रिमही तापलेली असेल तर आणखी घट्ट. पुढच्या धुण्यात तो निघाला तर ठीक. नाही निघाला तर दमट हवेत त्याला गंज धरतो. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतं, त्यामुळे कण फुगतो आणि लॅकरमध्ये रुततो. पांढऱ्या किंवा चंदेरी रिमवर नारिंगी ठिपके दिसायला लागतात ते हेच. लॅकरला बारीक भेग पडली की पाणी आत उतरतं, आणि समुद्राकाठचं मीठ त्यात मिसळलं तर अ‍ॅल्युमिनिअमच गंजायला लागतं. त्याचा गंज तांबडा नसतो, पांढरा असतो. यंत्रावर कातून चकाकी आणलेल्या, म्हणजे डायमंड कट रिमवर तो सगळ्यात आधी दिसतो, कारण कातलेल्या भागावर रंग नसतो, नुसती लॅकर असते. काठापासून आत सरकत जाणाऱ्या, अळीच्या वाटेसारख्या पांढरट रेषा त्या रिमवर दिसल्या की समजावं, हे आता धुऊन जाणारं नाही. रिम पुन्हा लेथवर कातून नवी लॅकर मारावी लागते, आणि तेही दर वेळी थोडा धातू खरवडूनच होतं, त्यामुळे मोजक्याच वेळा करता येतं. मुंबईत, अलिबागला, रत्नागिरीत, गोव्यात राहणाऱ्याने डायमंड कट रिमच्या मोहात पडण्याआधी एकदा विचार करावा, असं माझं मत आहे. पुण्याच्या कोरड्या हवेत ती जास्त टिकते.

रुतलेलं लोखंड काढायला बाजारात एक द्रव मिळतो. बाटलीवर आयर्न रिमूव्हर लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा तो पाण्यासारखा किंवा फिकट रंगाचा असतो. थंड, ओल्या रिमवर त्याचा फवारा मारला की अर्ध्या मिनिटात गंमत सुरू होते. आधी एका-एका ठिपक्याभोवती जांभळं वर्तुळ दिसतं, मग वर्तुळं एकमेकांत मिसळतात आणि आऱ्यांवरून जांभळे ओघळ उतरायला लागतात. जिथे रिम स्वच्छ वाटत होती तिथूनही. या द्रवात थायोग्लायकोलेट नावाचं रसायन असतं. ते लोखंडाशी बांधलं जातं, जांभळं, पाण्यात विरघळणारं संयुग बनतं, आणि पाणी मारलं की वाहून जातं. वास मात्र नकोसा असतो, कुजक्या अंड्याच्या जवळ जाणारा. केस काढायच्या क्रीमचा आणि पार्लरमध्ये केस कुरळे करायच्या द्रावणाचा वास ज्यांना माहीत आहे त्यांना तो ओळखू येईल, कारण तिथेही थायोग्लायकोलेटच काम करतं.

या जांभळ्या रंगाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण विक्रेते त्याचा भरपूर उपयोग करून घेतात. रंग लोखंड दाखवतो, मळ दाखवत नाही. डांबराचे ठिपके, चिखल, टायरच्या पॉलिशचा चिकटा यांना तो शिवत नाही. आणि आऱ्यांच्या मागची डिस्क तर लोखंडाचीच. तिच्या गंजलेल्या कडेवर फवारा गेला की तीही जांभळी होते. जाहिरातीतला सर्वांत गडद ओघळ कित्येकदा रिमवरचा नसतो, डिस्कवरून आलेला असतो. त्याला भुलू नये. द्रव तीन ते पाच मिनिटं ठेवायचा, वाळू द्यायचा नाही, हातात रबरी मोजे घालायचे, आणि भरपूर पाण्याने धुवायचं. असं दर आठवड्याला करायची गरज नाही. रिम धुऊन झाल्यावर हाताच्या बोटावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा आणि ओल्या रिमवरून हलके फिरवा. नुसत्या बोटाला गुळगुळीत वाटलेली जागा पिशवीतून वाळूसारखी खरखरीत लागली, तर लोखंड रुतलेलं आहे. नाही लागली, तर बाटली कपाटातच राहू द्या.

वॉशिंग सेंटरवर दुसराच एक द्रव असतो. बिनलेबलच्या कॅनमधून तो रिमवर मारतात, फेस येतो, आणि वर्षभराचा काळा थर डोळ्यांदेखत उतरतो. गिऱ्हाईक खूश. कॅनमध्ये काय आहे हे विचारलं तर उत्तर मिळतं, ‘अ‍ॅसिड आहे साहेब, चांगलं असतं.’ अ‍ॅल्युमिनिअम हा विचित्र धातू आहे. त्याला तीव्र आम्लही खातं आणि तीव्र अल्कलीही खाते. कॉस्टिक सोडा त्यावर पडला तर हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. आख्खी लॅकर असली तर थोडा वेळ निभावतं. पण दगड लागून उडालेल्या टवक्यांपाशी, नट-बोल्टच्या भोकांच्या काठांवर, जिथे लॅकर आधीच संपलेली आहे तिथे तो द्रव थेट धातूला भिडतो आणि तो भाग पांढरट, निस्तेज पडतो. त्याच फवाऱ्यात रिमला चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं आणि चाकाचे बोल्टही भिजतात.

पण मला खरी काळजी रिमची वाटत नाही. चाकं उजळवायच्या काही द्रवांत अमोनियम बायफ्लोराइड किंवा हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ते अंगावर पडल्यावर लगेच भाजल्यासारखं होईलच असं नाही, पण ते कातडीतून आत शिरतं आणि शरीरातल्या कॅल्शिअमला पकडतं. वेदना काही वेळा कित्येक तासांनी सुरू होते, आणि जास्त प्रमाणात गेलं तर हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत गोष्ट जाते. त्यावर कॅल्शिअम ग्लुकोनेटची जेल लावतात, आणि दवाखाना गाठावाच लागतो. हा असला द्रव उघड्या हाताने, चपला घालून, दिवसभर मारणारा पोरगा अठरा-वीस वर्षांचा असतो. आपल्या रिमच्या चकाकीसाठी हे चालू द्यावं असं मला तरी वाटत नाही. ‘रिमला फक्त शॅम्पू आणि ब्रश, अ‍ॅसिड नको’ एवढं सांगितलं तर काम अडत नाही.

डिझेल किंवा रॉकेलचं फडकं मारायची पद्धतही जुनी आहे. डांबराचे ठिपके त्याने निघतात हे खरं. पण तेच तेल टायरच्या रबराला लागतं, आणि डिस्कवर किंवा पॅडवर गेलं तर ब्रेकची पकडच जाते. डांबर काढायचंच असेल तर टार रिमूव्हर फडक्यावर घेऊन, फक्त ठिपक्यापुरतं पुसावं. फवारा मारू नये.

मग धुवायचं कसं? साध्या शॅम्पूने, आणि वरचेवर. आठ-पंधरा दिवसांनी हात फिरला तर कुठल्याही रसायनाशिवाय बहुतेक भुकटी निघून जाते, कारण तिला गंजायला वेळच मिळालेला नसतो. आधी रिम हाताने चाचपून पाहावी. गरम असेल तर थांबावं. लांबून आल्याआल्या तापलेल्या डिस्कवर थंड पाण्याचा झोत मारणं तर टाळाच. ओतीव लोखंडाला असा धक्का मानवत नाही, आणि तापलेल्या रिमवर शॅम्पू वाळून डागही पडतात. गाडीच्या बाकी अंगाआधी चाकं धुवावीत, आणि चाकांची बादली, ब्रश, फडकं वेगळं ठेवावं. रिमवरून उचललेला लोखंडाचा कण दरवाजाच्या रंगावर घासला तर काय होईल हे सांगायला नको. एका वेळी एकच चाक घ्यावं, सावलीत.

पाणी मारून सैल मळ घालवला की शॅम्पूच्या फेसाने आधी आतली बाजू, म्हणजे आऱ्यांच्या मागचा पिंपासारखा भाग. भुकटीचा मोठा वाटा तिथे असतो आणि बहुतेक जण तिथे हातच घालत नाहीत. लांब दांड्याचा मऊ केसांचा ब्रश मिळतो, तो आऱ्यांमधून आत जातो. पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरमागे लपलेला भाग राहतोच. त्यासाठी गाडी अर्धं चाक पुढे घ्यायची आणि पुन्हा ब्रश फिरवायचा. मग आऱ्यांचे पुढचे चेहरे मऊ वॉश मिटने, म्हणजे धुण्याच्या हातमोज्याने, आणि बोल्टच्या खोबणी जुन्या टूथब्रशने. भांड्यांची हिरवी घासणी किंवा तारेची घासणी लॅकरवर कायमचे ओरखडे पाडते. भांड्यांच्या साबणाने लगेच काही बिघडत नाही, पण रिमवर वॅक्स लावलं असेल तर ते उतरून जातं. कपड्यांच्या पावडरीचा अल्कलीपणा मात्र नकोच. शेवटी धुऊन मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसून कोरडं करायचं. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी ही शेवटची पायरी गाळू नये. जड पाणी वाळलं की क्षारांचे पांढरे ठिपके राहतात आणि ते पुढे लॅकरवर घट्ट बसतात. समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेली असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने चाकं धुवावीत, उद्यावर टाकू नये.

धुतल्यावर गाडी लगेच झाकून ठेवू नका. ब्रेक ओले असतात. गल्लीत एक चक्कर मारून दोन-चार वेळा हलका ब्रेक दाबला की ते सुकतात. दुसऱ्या दिवशी डिस्कवर तांबूस पापुद्रा दिसला तर घाबरायचं कारण नाही. उघड्या लोखंडावर रात्रीत तेवढा गंज येतोच, आणि पहिल्या काही ब्रेकमध्ये पॅड तो पुसून टाकतं. टायर पॉलिश लावायचंच असेल तर टायरच्या बाजूच्या भिंतीवर, फडक्याने, बेताने. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर ते लागलं तर टायर घसरतो, आणि डिस्कवर उडालं तर ब्रेक.

संरक्षणाचं म्हणाल तर कुठलाही लेप भुकटी बसण्याचं थांबवत नाही. लेपाने ती घट्ट चिकटत नाही, पाण्याच्या झोताने सुटते, एवढंच. पण एवढंही पुष्कळ आहे. कार्नोबा वॅक्स ऐंशी-पंच्याऐंशी अंशांना वितळतं, त्यामुळे बॉनेटवर टिकणारं वॅक्स घाटातल्या रिमवर टिकेलच असं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा लावण्याची तयारी हवी. कृत्रिम सीलंट जास्त उष्णता सोसतं आणि काही महिने टिकतं. सिलिकाचा पाया असलेलं सिरॅमिक कोटिंग नीट लावलं तर वर्ष-दोन वर्षं काम देतं. नीट म्हणजे आधी लोखंड, डांबर, पॉलिश सगळं काढून, रिम पूर्ण कोरडी करून. पैसे देण्याआधी एकच विचारावं: चाकं काढून आतल्या बाजूलाही लावणार, की नुसत्या चेहऱ्यांना? नुसत्या चेहऱ्यांना लावणार असतील तर निम्म्याहून जास्त काम बाकीच राहिलं.

याला उत्तम मुहूर्त म्हणजे नवे टायर घालण्याचा दिवस. रिम मोकळी असते, दोन्ही बाजूंनी हाताशी असते. नाही तर आठ-दहा हजार किलोमीटरला टायरची अदलाबदल करतो तेव्हा. पुढची चाकं मागे गेली की काळं होण्याचं कामही वाटलं जातं. दोन पथ्यं मात्र पाळायची. बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं जिथे बसतात तो पट्टा कोटिंगपासून मोकळा ठेवायचा, नाही तर वजन सुटून जातं आणि हायवेवर स्टिअरिंग थरथरायला लागतं. आणि रिम जिथे हबला टेकते ती जागा, तसंच नट बसतात त्या खोबणी स्वच्छ आणि कोरड्या ठेवायच्या. तिथे वॅक्स, ग्रीस, कोटिंग काही नको. नट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कने आवळून घ्यावेत आणि थोडं अंतर चालवून पुन्हा तपासावेत.

रिम आणि डिस्कच्या मध्ये बसवायच्या पातळ पत्र्याच्या ढाली कधी काळी अमेरिकेत खूप विकल्या गेल्या. भुकटी अडायची हे खरं, पण डिस्कला लागणारी हवाही अडायची. ब्रेक थंड होणं महत्त्वाचं की रिम चमकणं, हा प्रश्न ज्याला पडतो त्याने घाटात गाडी नेऊ नये. कमी भुकटीच्या पॅडचा पर्याय जास्त शहाणपणाचा आहे. जर्मन गाड्यांची पुढची चाकं जास्त काळी होतात, कारण मोठ्या वेगातून खात्रीने थांबण्यासाठी त्यांच्या पॅडमध्ये धातूचा अंश आणि घासण्याची ताकद जास्त ठेवलेली असते. जपानी वळणाची पॅडं सौम्य असतात, भुकटी कमी आणि फिकट. पण पॅड बदलताना गाडीच्या कंपनीने मान्य केलेलंच घ्यावं. भुकटी कमी म्हणून पकड कमी असलेलं पॅड घेणं हा सौदा तोट्याचा.

पॅडमध्ये काय घालायचं हे आता कायदेही ठरवू लागले आहेत. ब्रेकच्या भुकटीतलं तांबं पावसाच्या पाण्याबरोबर नद्यांत जातं आणि माशांना घातक ठरतं, म्हणून कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या अमेरिकी राज्यांनी २०१० मध्ये कायदे केले. कॅलिफोर्नियात २०२५ पासून नव्या पॅडमध्ये तांब्याचा अंश अर्ध्या टक्क्याच्या आत हवा. युरोपने युरो ७ नियमांत पहिल्यांदाच ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवर मर्यादा घातली आहे. नव्या मॉडेलच्या मोटारींना ती नोव्हेंबर २०२६ पासून लागू होते. पीएम १० आकाराचे कण किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅमच्या वर नकोत, आणि पूर्ण विजेवर चालणाऱ्या मोटारींना ३ मिलिग्रॅमच्या वर नकोत. सात मिलिग्रॅम फार थोडे वाटतात, पण वर्षाला दहा हजार किलोमीटर धावणाऱ्या एका गाडीमागे ते ७० ग्रॅम होतात, तेही फक्त श्वासात जाऊ शकणाऱ्या बारीक कणांचे.

विजेच्या गाड्यांना कडक मर्यादा परवडते, कारण पाय उचलला की मोटार जनित्र होऊन गाडीचा वेग खाते आणि बॅटरी भरते. ब्रेकला क्वचितच काम पडतं. अशा गाडीच्या रिम महिनोन्महिने चकचकीत राहतात, पण डिस्कचं मात्र उलटं होतं. वापरच नाही, म्हणून ती गंजत जाते. फोक्सवागनने आयडी ३ आणि आयडी ४ या गाड्यांना मागे चक्क ड्रम दिले त्यामागे हेही एक कारण आहे. बंद डब्यात गंजायला वाव कमी. डिस्कवाली विजेची गाडी असेल तर मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे पाहून, अधूनमधून खणखणीत ब्रेक मारावेत.

राहिली एक गोष्ट, आणि ती रिम चमकवण्यापेक्षा कामाची आहे. भुकटी वाचता येते. पुढची दोन्ही चाकं सारखी काळी व्हायला हवीत. एकच चाक दुसऱ्यापेक्षा बरंच काळं दिसायला लागलं, तर तिथला ब्रेक सुटत नसेल. कॅलिपरची सरकणारी पिन सुकलेली असते किंवा पिस्टन अडकलेला असतो आणि पॅड डिस्कला घासत राहतं. घरी पोचल्यावर प्रत्येक रिमजवळ हाताची मागची बाजू धरून पाहा, न टेकवता. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त धग देत असेल तर संशय पक्का. उलट एकच चाक स्वच्छ राहत असेल, तर तिथला ब्रेक लागतच नसेल. काळेपणा कोरडा नसून तेलकट असेल तर ती भुकटी नव्हेच. आतल्या बाजूने उडालेलं जाड ग्रीस असेल तर अ‍ॅक्सलचा रबरी बूट फाटलेला असतो, आणि मागच्या ड्रमच्या खालून टायरवर ओला ओघळ आला असेल तर व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑइल गळत असतं. अशा वेळी चाक धुऊन नेऊ नये. मेकॅनिकला ते जसं आहे तसं दाखवावं, कारण ओघळ नेमका कुठून निघाला हे त्याला धुतलेल्या चाकावरून सांगता येत नाही.